एक्सरेची पेटी

दवाखान्याच्या आवारात, मागच्या बाजूला, चिंचेच्या झाडाखाली आमची दोन खोल्यांची क्वार्टर होती. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तालुक्याचं गाव होतं, आदिलाबादहून दुपारची बस धरली की उन्हं उतरायच्या आत पोचायची, एवढं पुरे. बाबा तिथल्या सरकारी दवाखान्यात ष्टोरबाबू होते. औषधांच्या बाटल्या, पट्ट्या, चादरी, खाटा, फिनाईलचे डबे, सगळं त्यांच्या ताब्यात. मुधोळकडच्या एका खेड्यात दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या माणसाचा हा मुलगा. शिकला, नोकरीला लागला, आणि ऑफिसच्या खुर्चीवर जन्मभर काठावरच बसला. पाठ टेकून बसलेला मी त्याला कधी पाहिला नाही. साहेब आले की उठून उभं राहायला सोपं जातं, असं ते म्हणायचे.

आमची सकाळ बोअरिंगच्या दांड्याच्या करकरीनं सुरू व्हायची. मग वार्डातून खोकल्याचे आवाज यायचे, एकाचा थांबला की दुसऱ्याचा. नर्सबाई तेलुगूत कुणावर तरी ओरडायच्या. माय तोवर चुलीपाशी बसलेली असायची. ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. शेजारच्या कंपाउंडरची बायको त्याच भाजीला पुंटिकूर म्हणायची आणि तिखट दुप्पट घालायची. दोघी भिंतीवरून वाट्या बदलायच्या आणि एकमेकींच्या भाजीला नावं ठेवायच्या. संध्याकाळी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून आम्ही तिघं वंदना म्हणायचो. मायचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. उच्चार चुकायचे, पण ती थांबत नसे.

ष्टोरच्या व्हरांड्यात एक मोठी लाकडी पेटी होती. मी अक्षर वाचायला शिकण्याच्या आधीपासून ती तिथं होती. लॉरीतून आली तेव्हा दारातून आत जाईना, म्हणून व्हरांड्यातच राहिली. आत एक्सरेचं यंत्र होतं. ते चालायला वेगळी जाड लाईन लागत होती आणि चालवायला शिकलेला माणूस लागत होता. लाईन वीज खात्याकडून यायची होती, माणूस हैद्राबादेहून. दोन्ही आले नाहीत. बाबा दर वर्षी स्मरणपत्र लिहीत, मोठे डॉक्टरसाहेब सही करीत, कागद जाई. पेटीवर आयाबाया दुपारी पाय वर घेऊन बसायच्या, पेशंटचे नातेवाईक गाठोडी ठेवायचे. मी तिच्यावर वह्या पसरून गणितं केली आहेत. तिच्यात काय आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यात लपवालपवी काहीच नव्हती. देवळापुढचा दगड असतो तशी ती तिथं होती. कुणी तिच्याकडे बघत नसे.

मायला खोकला लागला तो पावसाळ्यात. आधी कुणी मनावर घेतलं नाही. दवाखान्याच्या आवारात राहणाऱ्या माणसाला खोकला म्हणजे काय मोठं! कंपाउंडरनं लाल औषध दिलं. मग डॉक्टरांनी दुसरं दिलं. ती बाबांचा डबा घेऊन ष्टोरकडे जायची, आणि एवढ्याशा वाटेनं तिला दम लागायला लागला. मग ती पेटीवर टेकायची, दम जिरला की उठायची. मी हे पाहिलं आहे. बाबांनीही पाहिलं आहे. मोठे डॉक्टरसाहेब एकदा तिच्यासमोर उभे राहून म्हणाले, "एक्सरे निकालना पडेगा बाबू. नांदेड लेके जाव." आणि ती त्यावेळी त्या पेटीवरच बसलेली होती. कुणी हसलं नाही, कुणाला ते विचित्रही वाटलं नाही. आज लिहिताना मला वाटतं, म्हणून लिहिते. तेव्हा मलाही वाटलं नव्हतं.

नांदेडला जायला उशीर झाला. आधी रजा मिळेना, मग पावसानं रस्ता बंद, मग माय स्वतःच म्हणाली की आता बरं वाटते, कशाला उगीच. शेवटी नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी काळी फिल्म उजेडात धरली आणि बाबांना विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" दवाखान्यात नोकरी आहे हे बाबांनी सांगितलं नाही. परतीच्या बसमध्ये माय माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती आणि बाबा मांडीवर फिल्मचं मोठं पाकीट सांभाळत बसले होते, ते दुमडू नये म्हणून. शेतांत कापूस फुटला होता तेव्हा माय गेली.

त्यानंतर आमच्या घरावर काय आलं, त्याला दुःख म्हणावं की नाही मला ठरवता येत नाही. आम्ही रडलो नाही. मुधोळहून आत्या येऊन राहिली. ती बाबांची थोरली बहीण, विधवा, भाजीपाला लावून पोट भरणारी. ती रडली, माणसं आली, भिक्खू आले, पाणी दिलं, माणसं गेली. दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसला गेले आणि मी शाळेत गेले. मला दहावीचं वर्ष होतं. शिक्षक काय सांगतात ते ऐकू येई, पण ते दुसऱ्या कुणाला सांगून राहिलेत असं वाटे. हात चिमटून पाहिला तर दुखे, पण उशिरानं. बाबा ताटात असेल ते खात आणि उठत. आत्या मुद्दाम विचारायची, "भाजी कशी झाली?" ते म्हणायचे, "कोनती?" संध्याकाळची वंदना चालू राहिली, पण ती आता इतकी हळू म्हटली जाई की मेणबत्तीचा चुरचुर आवाज त्यापेक्षा मोठा वाटे.

अशात आडिट आलं. आडिट दर दोन-तीन वर्षांनी येई. सरकारनं दिलेला पैसा सरकारी ऑफिसांनी कुठं घातला हे तपासणारं दिल्लीचं एक मोठं खातं आहे, त्याची माणसं हैद्राबादेत बसतात, आणि तिथून तिघं-चौघं निघून गावोगाव फिरतात, एवढंच मला ठाऊक होतं. कलेक्टरही त्यांना काही म्हणू शकत नाही, असं कंपाउंडर सांगायचा. ती माणसं दिसायला अगदी साधी होती. डाकबंगल्यात उतरायची, हॉटेलातली इडली नि भात खायची, दिवसभर एका खोलीत कागद चाळायची. पण ती येणार म्हटलं की दवाखान्याच्या भिंतींना चुना लागे आणि पेशंटना नव्या चादरी मिळत. या वेळच्या पार्टीचे मुख्य होते मूर्तिसाहेब. उतारवयाचे, ठेंगणे, पायात कॅनव्हासचे बूट. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मोठ्या डॉक्टरसाहेबांना विचारलं, एक्सरेचं यंत्र कुठं आहे? साहेब म्हणाले, बसवलं आहे, चालू आहे. मूर्तिसाहेब म्हणाले, छान, उद्या बघू.

त्या दुपारी दवाखान्यात जी धावपळ झाली ती मी शाळेतून येताना पाहिली. पेटी फोडली होती. व्हरांड्यात पेंढा पसरला होता आणि त्यात उंदरांची घरटी निघाली होती. लोखंडाचे हिरवट भाग चार-सहा माणसं ड्रेसिंगच्या खोलीत ओढून नेत होती. बाजारातला शंकर, रेडिओ दुरुस्तीवाला, त्याला बोलावून आणलं होतं; तो डोकं खाजवत एक बोल्ट दुसऱ्या छिद्रात घालून पाहत होता. बाबा कडेला उभे होते. त्यांच्या हातात कुणीतरी खिळ्यांनी भरलेला डबा दिला होता, तो धरून.

संध्याकाळी ते घरी आले आणि म्हणाले, "कांता, उद्या शाळेत जाऊ नको. दवाखान्यात चाल. झोपाचं हाय फक्त."

"कशाले?" आत्यानं विचारलं.

"पेशंट पायजे. आडिटवाल्याईले दाखवाले. साहेबानं सांगतलं, गावातला मानूस बोलून जाईन, घरचंच लेकरू आन."

आत्याचा हात पिठातच थांबला. "पोरीले त्या मशीनखाली झोपवतं तू? तिची माय त्या पेटीवर बसून मेली अन् तू..."

"बसून नाही मेली," बाबा म्हणाले. "घरी मेली."

"काऊन हो म्हटलं तू? काऊन?"

बाबांनी विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाले, "त्याईनं इचारलं, मी हो म्हटलं." इतकंच. आत्या माझ्याकडे वळली. "तू नाही म्हन, कांता." मी म्हटलं, "मले काय होते आत्या, झोपाचंच तर हाय." हे मी बाबांना वाचवायला म्हटलं नाही, धीरानं म्हटलं नाही. मला खरंच काही वाटलं नव्हतं. आत्यानं त्या रात्री आमच्या दोघांशी बोलणं सोडलं आणि भाकरी मात्र नेहमीपेक्षा जास्त केल्या.

सकाळी नर्सबाईंनी मला टेबलावर झोपवलं. धातू गार होता, पाठीला लागत होता. वर काळा मोठा हात आणि त्याला डब्यासारखं तोंड, ते माझ्या छातीवर आणून ठेवलं. तेलाचा आणि उंदरांचा वास येत होता. शंकर पांढरा कोट घालून उभा होता, कोट डॉक्टरसाहेबांचा जुना, त्याच्या गुडघ्यांपर्यंत आलेला. त्यानं पेटीच्या फळीवर एक लाल बल्ब बसवून दिला होता, साध्या प्लगावर पेटणारा. मी वर छताकडे बघत होते. पाली दोन होत्या. मला एकदा वाटलं की माय इथं झोपली असती तर तिलाही ह्या पाली दिसल्या असत्या, आणि तो विचार आला तसा गेला.

मूर्तिसाहेब आत आले, मागे डॉक्टरसाहेब, मग बाबा. शंकरनं बटन दाबलं, लाल बल्ब पेटला. "देखिए सर," डॉक्टरसाहेब म्हणाले. मूर्तिसाहेबांनी बल्बाकडे पाहिलं, त्याच्या वायरीकडे पाहिलं, ती वायर भिंतीतल्या ज्या भोकात जात होती तिथं वाकून पाहिलं. मग शंकरला विचारलं, "एखादा काढलेला फोटो दाखवता का? कुणाचाही चालेल." शंकर डॉक्टरसाहेबांकडे बघायला लागला. डॉक्टरसाहेब म्हणाले, फिल्मा पेशंट घेऊन जातात. मूर्तिसाहेबांनी मान हलवली आणि माझ्याजवळ आले. मला तेलुगू येतं की नाही ह्याची चौकशी न करता त्यांनी हळूच विचारलं, "एमैंदम्मा?" काय झालं गं तुला?

डॉक्टरसाहेबांनी मला खोकला सांगायचं पढवलं होतं. तो शब्द मला येत होता, तयार होता. पण तोंडातून आलं ते वेगळंच. "नाकेम कालेदु. मा अम्मकैंदि." मला काही झालं नाही. माझ्या आईला झालं होतं.

धाडस म्हणून मी ते बोलले असं पुढे लोकांनी सांगितलं, आत्यानं तर मुधोळभर सांगितलं. ते खरं नाही. विचारलं काय झालं, तर जे झालं होतं ते आलं. मूर्तिसाहेब बाबांकडे वळले.

"यंत्र कधीपासून चालू आहे?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"बहुत दिन हुए सर," डॉक्टरसाहेब म्हणाले.

"मी ष्टोरकीपरला विचारतोय."

बाबा उभे होते तसेच उभे राहिले. मला टेबलावरून त्यांचा फक्त सदरा दिसत होता, वरचं बटन उघडं. मग ते म्हणाले, "चालू नई है साब. कभी चालू हुआच नई. कल पेटी खोले."

"लोक काय करतात मग?"

"नांदेड जाते. जाने का हुआ तो."

"ही मुलगी कोण?"

"मेरी है."

"हिच्या आईला नेलं होतं?"

"ले गया साब. देर से ले गया."

"आता कशी आहे?"

"नई है," बाबा म्हणाले. "नई है"चा तोच सूर, जो त्यांनी यंत्राबद्दल लावला होता. मूर्तिसाहेबांनी कागदावर काही लिहिलं. मग तो काळा हात त्यांनी स्वतःच माझ्यावरून बाजूला सरकवला आणि म्हणाले, "लेम्मा." ऊठ बाळ. मी उठले. फ्रॉकला पाठीमागे तेलाचा डाग पडला होता, तो पुढे निघालाच नाही.

त्या संध्याकाळी बाबा मला घेऊन डाकबंगल्यावर गेले. मला वाटलं माफी मागायला. आयुष्यात त्यांनी कुणाकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. मूर्तिसाहेब व्हरांड्यात बनियनवर बसले होते, पाय गरम पाण्याच्या बादलीत. बाबा पायरीखालीच उभे राहिले आणि म्हणाले, "साब, मेरी औरत का नाम लिखो. तुम्हारे कागद में."

मूर्तिसाहेबांनी त्यांना वर बोलावलं, खुर्ची दिली. बाबा काठावर बसले. मग तो माणूस, मला आठवतं, फार सावकाश आणि फार नीट समजावू लागला. म्हणाले, बाबू, आमचा कागद माणसाचा नाही. सरकारनं यंत्र घेतलं, ते पडून राहिलं, का राहिलं, एवढं आम्ही लिहितो. ते हैद्राबादेला जातं, तिथून वर जातं, असेंब्लीपुढे ठेवतात. त्यात नाव लिहिलं तर वरचे खोडून टाकतील. मी असं लिहीन की पेशंटना ही सोय मिळाली नाही.

"उस में वो आई?" बाबांनी विचारलं.

"आली," मूर्तिसाहेब म्हणाले. "तीही आली, दुसरेही आले."

बाबांनी मान हलवली. आम्ही उठलो. जाताना मूर्तिसाहेबांनी मला ताटलीतलं केळं दिलं. मी ते वाटेत खाल्लं.

पुढे मी शिक्षिका झाले, हैद्राबादेला एका प्रशिक्षणाला गेले असताना तिथल्या ग्रंथालयात ते छापील अहवाल रांगेनं लावलेले दिसले. शोधायला दोन दुपारी लागल्या. आमच्या दवाखान्यावर एक छोटा परिच्छेद आहे, इंग्रजीत, आणि त्यात मूर्तिसाहेबांनी कबूल केलेलं वाक्य आहे. मी ते वाचलं, पुस्तक जागेवर ठेवलं, आणि बाहेर येऊन चहा घेतला. लोक मला विचारतात की ते वाचून कसं वाटलं. मी सांगते की वाक्य व्याकरणदृष्ट्या बरोबर होतं.

आडिट गेल्यावर डॉक्टरसाहेब बाबांना एक शब्दही बोलले नाहीत. महिन्याभरात बदलीचा हुकूम आला, उटनूरच्याही पलीकडे, रानातल्या एका प्राथमिक केंद्रावर. साहेबांचं काही बिघडलं नाही. तेही पुढे गेले, मोठ्या गावी. निरोपाचा चहा झाला, कंपाउंडर रडला, त्याच्या बायकोनं आत्याला पुंटिकूरचं लोणचं बांधून दिलं. वर्षभरानं तोच कंपाउंडर भेटला तेव्हा म्हणाला की वरून ओरडा आला, जाड लाईन आली, माणूसही आला, आता रोज एक्सरे निघून राह्यले. बाबा जेवत होते. "बरं झालं," म्हणाले, आणि जेवत राहिले.

पण मला सांगायचं आहे ते त्या नव्या गावी पोचल्याच्या दिवसाचं. बस फाट्यावर सोडायची, पुढे बैलगाडी. सागाच्या रानातून संध्याकाळी आम्ही पोचलो. केंद्र म्हणजे दोन खोल्या, मागे आमची एक खोली, समोर अंगण. सामान उतरवलं. तेवढ्यात शेजारच्या झोपडीतून एक गोंड बाई आली, केंद्रावर आया होती ती, दंडावर गोंदलेलं, कडेवर नातवंड. तिनं आमच्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि मराठीत बाबांना विचारलं, "घरवाली कवा येते?"

आजवर हे बाबांना कुणी विचारलं नव्हतं. जुन्या गावी सगळ्यांना माहीत होतं, मुधोळला सगळ्यांना माहीत होतं, आणि मूर्तिसाहेबांना तर ती गेल्याचं अर्धं माझ्याकडून कळलं होतं. इथं कुणाला काहीच ठाऊक नव्हतं. बाबा ट्रंकेवर बसले.

"थे वारली," ते म्हणाले. परक्या माणसाला, मराठीत, त्यांच्या आईच्या बोलीत, ते पहिल्यांदाच म्हणाले. "वारली बाई. खोकल्यानं. मी तिले वक्तावर नाही नेलं."

आणि मग त्यांना रडू आलं. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखं. आत्या आतून धावत आली आणि दारातच थांबली. ती बाई गेली नाही, उगी उगीही म्हणाली नाही. नातवंडाला खाली ठेवून अंगणात मांडी घालून बसली, जशी मयताच्या घरी बसतात. मी बाबांच्या शेजारी जमिनीवर बसले. मला रडू आलं नाही, पण गुडघ्याला खडा टोचत होता, आणि तो टोचतोय हे मला लगेच कळलं.

उजेड कमी व्हायला लागला तेव्हा बाबा शांत झाले. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, नाक शिंकरलं, आणि त्या बाईला म्हणाले, "बाई, इथं पानी कुठून आनतात?"

तिनं हात करून झाडांमागची विहीर दाखवली. "चाल पोरी," ती मला म्हणाली, "अंधार पडाच्या आत येऊ." मी घागर उचलली.